रतिबाचा हिशोब करता करता जावास्क्रिप्ट: घरच्या घरी शिकण्याची एक वाट

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाची नोंद करायची. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात १, कधी १॥, आणि दूध घेतलं नसेल त्या दिवशी फुली, म्हणजे खाडा. महिनाअखेरीला ती बोटानं चौकटी मोजत बेरीज करायची आणि गवळीकाकांच्या वहीशी ताळा जमवायची. हाच हिशोब ब्राउझरमध्ये आणताना मी जावास्क्रिप्ट, म्हणजे वेबपानाला काम करायला लावणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकलो. त्याआधी दोनदा व्हिडिओ बघून शिकायचा प्रयत्न केला होता. बघताना सगळं कळायचं, पण कोऱ्या फाइलसमोर बसलं की एक ओळ सुचायची नाही.

तिसऱ्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. घरातलं खरं काम हाती घेतलं, आणि एंटर दाबण्याआधी उत्तर काय येईल ते वहीत लिहायला लागलो. यातली दुसरी सवय मला जास्त मोलाची वाटते. हा लेख तिच्याभोवतीच फिरतो.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कोडमधले शब्द आणि आकडे देवनागरीत आहेत. टाइप करताना भाषेचे शब्द इंग्रजी स्पेलिंगनं आणि आकडे इंग्रजीच टाका.

लागतं काय?

कुठलाही चालता लॅपटॉप किंवा डेस्कटॉप, क्रोम किंवा फायरफॉक्स, आणि व्हीएस कोड हा फुकट मिळणारा एडिटर. बास. फी भरून क्लास लावायची सुरुवातीला गरज नाही. मोबाइलवर शिकता येतं असं लोक सांगतात, पण महिरपी कंस आणि अवतरणचिन्हं मोबाइलच्या कीबोर्डवर शोधण्यातच जीव जातो, त्यामुळे मी तो सल्ला देणार नाही. मित्राचा जुना लॅपटॉप मागून आणा, तो पुरतो.

वेळ रोज पाऊण तास. रविवारी सहा तास बसून आठवडाभर हात न लावण्यापेक्षा रोजचा पाऊण तास कितीतरी पुढे नेतो, कारण काल जिथे अडकलो ते आज डोक्यात ताजं असतं.

पहिला आठवडा एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) यांना द्या, त्याहून जास्त नको. फॉर्म, इनपुट, बटण, तक्ता आणि आयडी म्हणजे काय, एवढं कळलं की पुढे सरका. रंगसंगतीत महिना घालवणारे बरेच जण मी पाहिलेत.

संदर्भासाठी मोझिलाची एमडीएन ही साइट उघडी ठेवा. ती इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्याला पहिल्यांदा जड वाटते. मी ती उलट क्रमानं वाचायचो: आधी उदाहरण, ते स्वतः टाइप करून चालवायचं, मग त्याच्या खालचा मजकूर. उदाहरण हातून गेलं की तेच इंग्रजी सोपं होतं.

पहिली पायरी: कन्सोल आणि अंदाज वही

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, कन्सोल उघडा. इथे एक ओळ लिहून एंटर दाबलं की लगेच उत्तर येतं. आता साधी दोनशे पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे तुमचा अंदाज, उजवीकडे खरं उत्तर. डावी बाजू कोरी असताना एंटर दाबायचं नाही, हा एकच नियम.

पहिल्याच दिवशी एवढ्या ओळी करून बघा. अवतरणचिन्हांतला ५ अधिक साधा ५. अवतरणचिन्हांतला ५ वजा साधा ५. ०.१ अधिक ०.२. मग १०, ९, १ या तीन आकड्यांच्या यादीवर सॉर्ट, म्हणजे क्रम लावणं.

उत्तरं अशी येतात: "५५", ०, ०.३०००००००००००००००४, आणि १, १०, ९. चारपैकी चार अंदाज चुकले तरी हरकत नाही. चुकलेला अंदाज म्हणजे आज नेमकं काय शिकायचं त्याचा पत्ता. अधिक चिन्हाच्या एका बाजूला मजकूर असला की जावास्क्रिप्ट दोन्ही बाजू मजकूर समजून जोडते. वजाबाकी मजकुराची होत नाही, म्हणून तिथे आकडा करून घेते. दशांश अपूर्णांक ती आतून द्विमान पद्धतीत साठवते आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही. आणि सॉर्टला काही सांगितलं नाही तर आकड्यांनाही ती शब्दांसारखं, अक्षराक्रमानं लावते.

हा तऱ्हेवाईकपणा आला कुठून? ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत मे १९९५ मध्ये जेमतेम दहा दिवसांत या भाषेचं पहिलं रूप उभं केलं. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्याच वर्षी डिसेंबरात जावास्क्रिप्ट असं नाव पडलं. जावा या भाषेशी तिचं नातं नावापुरतंच. १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्ट नावानं तिचं प्रमाणीकरण झालं. तोवर जगभर पानं लिहून झाली होती आणि जुनी पानं मोडू नयेत म्हणून सुरुवातीच्या खोडी तशाच ठेवाव्या लागल्या. हे माहीत असलं की खोड दिसल्यावर आपल्या डोक्याला दोष देत बसत नाही. ती वहीत उतरवून पुढे जाता येतं.

२०१५ च्या आवृत्तीनं भाषेचा चेहरा बदलला. लेट, कॉन्स्ट, बाण-फंक्शन, प्रॉमिस, मॉड्यूल हे सगळं तेव्हा आलं. म्हणून धडा निवडताना त्यात जागोजागी व्हार, म्हणजे किमतीला नाव द्यायचा जुना शब्द, दिसलं तर तो धडा जुना समजा आणि दुसरा शोधा. तुलनेसाठी तीन बरोबरची चिन्हं वापरा. दोन चिन्हांची तुलना प्रकार बदलून घेते आणि नवशिक्याला गोत्यात आणते.

दुसरी पायरी: पंधरा दिवस मराठी नावं

नोकरीतले सहकारी याला नाक मुरडतील, पण मला याचा फार फायदा झाला. जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्याचं, नाव देवनागरीत चालतं. दर, खाडा, एकूण ही नावं जशीच्या तशी लिहा. मग स्क्रीनवर जे इंग्रजी दिसतं ते भाषेचं, आणि जे देवनागरी ते आपलं. कुठला शब्द पाठ करायचा आणि कुठला आपण ठेवलाय, हा नवशिक्याचा सगळ्यात मोठा गोंधळ एका झटक्यात मिटतो.

आकडे मात्र इंग्रजीच हवेत. दर बरोबर ६२ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक, येते. आणि कुणी इनपुटमध्ये देवनागरी ६२ टाइप केलं आणि तुम्ही ते नंबर या फंक्शनला, म्हणजे मजकुराचा आकडा करणाऱ्या आज्ञेला, दिलं, तर उत्तर येतं नॅन, म्हणजे ‘हा आकडा नाही’. कीबोर्ड सारखा बदलावा लागतो हा त्रास आहेच. म्हणून पंधरा दिवसांनी, भाषेचे शब्द ओळखीचे झाले की इंग्रजी नावांवर या. चारचौघांत काम करताना तीच लागतात.

तिसरी पायरी: कुठल्या क्रमानं शिकायचं

किंमत आणि व्हेरिएबल, इफ-एल्स, फंक्शन, अ‍ॅरे (यादी), ऑब्जेक्ट (नावं दिलेल्या रकान्यांची नोंद), फॉर-ऑफ लूप (यादीतल्या एकेकावर तेच काम). एवढ्या सहांवर तीन आठवडे सहज जातात आणि जाऊ द्या. मॅप आणि फिल्टर त्यानंतर. रिड्यूस आणखी नंतर, कारण बेरीज आधी साध्या लूपनं जमली पाहिजे. धिस, प्रोटोटाइप, क्लास हे विषय पहिल्या दोन महिन्यांत बाजूला ठेवले तर काही बिघडत नाही.

एका जागी मात्र थांबा. यादीला दुसरं नाव दिलं म्हणजे यादीची प्रत झाली, असं सगळ्यांना वाटतं. जून नावाची यादी करा, मग जुलै बरोबर जून असं लिहा, जुलैमध्ये एक नोंद घाला आणि आता जून छापा. अंदाज आधी! नोंद जूनमध्येही दिसते. कारण तुम्ही घर नवं बांधलं नाही, त्याच घराची दुसरी किल्ली करून घेतली. कुठल्याही किल्लीनं आत शिरून खुर्ची हलवली तरी खुर्ची हलतेच. खरी प्रत हवी तर चौकटी कंसात तीन टिंबं देऊन यादी पसरायची. हेही आजच करून बघा, आणि नव्या प्रतीत घातलेली नोंद जुन्या यादीत जात नाही हे डोळ्यांनी पाहा.

चौथी पायरी: कोड लिहिण्याआधी हिशोब मांडा

आता रतीब. एक अख्खी संध्याकाळ कागदावर घालवा. एका दिवसाच्या नोंदीत काय काय लागतं? मी आधी तारीख आणि लिटर एवढंच ठेवलं होतं आणि दर वेगळा, एकच.

मग दर वाढला. जूनच्या १० तारखेपर्यंत ६२ रुपये, ११ पासून ६४. रोज एक लिटर, खाडे ५, १८ आणि १९ तारखेचे. पहिल्या दहा दिवसांत नऊ लिटर, म्हणजे ५५८ रुपये. पुढच्या वीस दिवसांत अठरा लिटर, म्हणजे १,१५२. एकूण १,७१०. माझं पान सांगत होतं १,७२८, कारण त्यानं सगळ्या सत्तावीस लिटरना नवा दर लावला. अठरा रुपयांचा फरक. गवळीकाकांच्या वहीत बरोबर रक्कम होती, कारण ते रोजच्या रोज त्या दिवसाच्या दरानं लिहितात. तेव्हापासून दर प्रत्येक नोंदीत. पुढे कामावर बिलांचं सॉफ्टवेअर करताना हीच मांडणी लागली: ज्या दिवशी व्यवहार झाला त्या दिवशीची किंमत व्यवहाराबरोबर साठवायची.

आणि साठवायचं पूर्णांकात. दीड लिटर म्हणजे १५०० मिलिलिटर, ६२ रुपये म्हणजे ६२०० पैसे. ०.१ अधिक ०.२ चा अनुभव वहीत आहेच. छापताना तेवढा भागाकार करा आणि आकड्यावर टू-लोकेल-स्ट्रिंग वापरून त्याला मराठी भारताची खूण, म्हणजे एमआर-आयएन, द्या. तो स्वतःहून देवनागरी आकडे आणि लाख-हजाराचे स्वल्पविराम देतो. पहिल्यांदा स्क्रीनवर ‘१,७१०’ उमटलं तेव्हा मी आईला हाक मारून दाखवलं.

महिन्यात दिवस किती, यासाठी तीस-एकतीसचा तक्ता लिहू नका. जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी शून्य आणि जून पाच. तिला पुढच्या महिन्याची शून्यावी तारीख मागितली की ती या महिन्याचा शेवटचा दिवस देते. २०२५, ६, ० म्हणजे ३० जून.

पाचवी पायरी: पानावर आणणं

फॉर्ममध्ये एक इनपुट आणि एक बटण. बटण दाबलं की नोंद यादीत जाते, यादीवरून तक्ता बनतो. ऐकायला सरळ आहे, पण इथे चार ठिकाणी जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो.

बटण दाबताच पान पुन्हा लोड होतं आणि सगळं पुसलं जातं: फॉर्मचा तो मूळ स्वभाव, प्रिव्हेंट-डिफॉल्टनं तो थांबवा. बटण सापडतच नाही, नल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं: स्क्रिप्ट पानाच्या आधी चालली, तिला डिफर हा शब्द जोडा. सकाळचं ५०० आणि संध्याकाळचं ५०० मिळून ५००५०० झालं: इनपुटमधून नेहमी मजकूरच येतो, बेरजेआधी त्याचा आकडा करा. आणि टाइप केलेला मजकूर पानावर दाखवताना इनर-एचटीएमएलऐवजी टेक्स्ट-कंटेंट वापरा, नाहीतर कुणी तिथे एचटीएमएल टाइप केलं तर ते तुमच्या पानात घुसेल.

ब्राउझर बंद केल्यावर नोंदी टिकाव्यात म्हणून लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधलीच साठवणीची जागा. तिथे फक्त मजकूर साठतो, म्हणून ठेवताना यादीचा मजकूर करणारं जेसन-स्ट्रिंगिफाय आणि काढताना मजकुराची यादी करणारं जेसन-पार्स. पहिल्यांदा पान उघडतं तेव्हा तिथे काहीच नसतं, नल मिळतं, आणि त्यात नोंद ढकलायला गेलं की लाल अक्षरं येतात.

लाल अक्षरं वाचायची कशी

ती दिसली की बरेच जण टॅब बंद करतात. माझी विनंती आहे, तिथेच थांबा आणि मोठ्यानं वाचा. ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल, रीडिंग पुश’ म्हणजे: पुश म्हणायच्या आधी टिंबाच्या डावीकडे जे होतं ते नल आहे. पुशमध्ये चूक नाही, डावीकडे बघा. तिथे यादी असायला हवी होती, ती आली कुठून? लोकल स्टोरेजमधून. मग तिथे काही नसेल तर रिकामी यादी घे, असं दोन प्रश्नचिन्हांनी सांगायचं. ‘इज नॉट डिफाइन्ड’ म्हणजे बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलं. ‘इज नॉट अ फंक्शन’ म्हणजे कंस अशा कशाला तरी लावलेत जे फंक्शन नाही. उजवीकडे फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, त्यावर क्लिक केलं की त्या ओळीवरच पोचता.

एआयला विचारायचं का? विचारा, पण एरर स्वतः वाचून, कारण काय असेल याचा अंदाज वहीत लिहून झाल्यावर. ‘माझा अंदाज असा आहे, कुठे चुकतोय?’ असं विचारलेलं कामी येतं. ‘दुधाच्या हिशोबाचं पान बनवून दे’ म्हटलं तर पान मिळेल, भाषा येणार नाही.

पाच वाजून दहा मिनिटांची चूक

ही चूक तपशिलात सांगतो, कारण भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी गाठते.

पान नीट चालायला लागलं आणि काही नोंदी आदल्या दिवशी पडायला लागल्या. रोज नाही. रविवारच्या कायम बरोबर. मी दोन दिवस बेरजेचं फंक्शन तपासत बसलो. मग वहीत उभी रेघ मारून नोंद केल्याची वेळ आणि पडलेली तारीख लिहायला लागलो. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट झालं: दूध पहाटे पाचला येतं. ज्या दिवशी पातेलं आत ठेवून लगेच नोंद केली, ती चुकली. ज्या दिवशी चहा घेता घेता साडेसहाला केली, ती बरोबर. रविवारी मी उशिरा उठतो.

तारीख काढायला मी टू-आयएसओ-स्ट्रिंग वापरून पहिली दहा अक्षरं घेत होतो. ते फंक्शन जागतिक प्रमाणवेळ देतं, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. १५ तारखेला पहाटे ५ वाजून १० मिनिटं म्हणजे तिथे १४ तारखेचे रात्रीचे ११:४०. साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद कालच्या खात्यात जात होती. उपाय साधा: वर्ष, महिना अधिक एक, आणि दिवस हे तिन्ही स्थानिक वेळेनं काढायचे, एक आकडी असतील तर पॅड-स्टार्टनं पुढे शून्य लावायचं आणि जोडायचे.

पुढे अमेरिकेतल्या भावाला पान दाखवलं तर त्याच्याकडे सगळा तक्ता एक दिवस मागे. साठवलेली तारीख दाखवताना मी ती पुन्हा डेटला देत होतो. नुसती वर्ष-महिना-दिवस अशी दिलेली तारीख डेट प्रमाणवेळेची मध्यरात्र समजते. आपल्याकडे ती त्याच दिवशीचे पहाटेचे साडेपाच होते म्हणून कळून येत नाही. न्यू जर्सीत तेव्हा आदली संध्याकाळ असते.

सहावी पायरी: थांबून राहायचं नाही

सेट-टाइमआउट (काही वेळानं कर), फेच (दुसरीकडून आण) आणि अवेट (येईपर्यंत थांब) हा भाग तिसऱ्या महिन्यात घ्या. पहिला अंदाज: ‘एक’ छाप, शून्य मिलिसेकंदांनी ‘दोन’ छाप, ‘तीन’ छाप. क्रम काय? येतो एक, तीन, दोन.

गिरणीत दळणाचा डबा ठेवून आपण भाजी आणायला जातो. दळून झालं तरी गिरणीवाला भाजीच्या गाडीवर येऊन पीठ देत नाही. आपलं हातातलं काम संपल्यावर, परत गेल्यावरच ते मिळतं. जावास्क्रिप्ट तशीच. हातातला कोड संपेपर्यंत मागवलेलं काही हातात घेत नाही, शून्य मिलिसेकंदांचं असलं तरी. सरावासाठी दर एका जेसन फाइलमध्ये ठेवा आणि फेचनं आणा. फाइल डबल-क्लिक करून उघडलेल्या पानात क्रोम हे करू देत नाही, म्हणून व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन घाला. फेचच्या आधी अवेट विसरून काय छापलं जातं तेही मुद्दाम बघा. दराऐवजी ‘प्रॉमिस, पेंडिंग’ दिसतं: ती डब्याची पावती, पीठ नव्हे.

नंतर

गिट, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिका, चार कमांडनी सुरुवात होते, आणि पान गिटहब पेजेस या साइटवर फुकट चढवा. ध्यानात ठेवा की लोकल स्टोरेज त्या-त्या ब्राउझरपुरतं असतं. लॅपटॉपवरच्या नोंदी आईच्या फोनवर दिसणार नाहीत, आणि ब्राउझरचा डेटा पुसला की गेल्या. म्हणून नोंदींची फाइल उतरवून घेण्याचं बटण आधी करा.

रिअ‍ॅक्ट वगैरे, म्हणजे पान आपोआप ताजं ठेवणाऱ्या तयार साधनांची, घाई नको. तक्ता, बेरीज आणि फॉर्म हे तिन्ही प्रत्येक नोंदीनंतर हातानं ताजे करायचा तुम्हाला स्वतःला कंटाळा आला की ती वेळ झाली. तोपर्यंत याच पानाला पुढची कामं द्या: गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं, सकाळ-संध्याकाळ वेगळी, खाड्याचे दिवस तक्त्यात लाल, गेल्या महिन्याची बाकी पुढे ओढणं. महिनाअखेरीला गवळीकाका दारात आले की त्यांची वही आणि तुमचं पान शेजारी ठेवा आणि एकेक तारीख बोट ठेवून जुळवा. जिथे फरक दिसेल तिथे आधी अंदाज लिहा, चूक कुणाच्या बाजूला आहे त्याचा, आणि मगच कोड उघडा.